चौकोनी ठिपक्यांचा खेळ

व्हिडिओ गेम या विषयावर आमच्या वयाच्या माणसानें लेखणी उचलावी, हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या घरांत नातवंडें आहेत, त्या घरांत हा विषय रोज जेवणाच्या पाटावर येतो, आणि येतो तो बहुधा तक्रारीच्या रूपानें. आमचीही तक्रार आहे. ती आधीं सांगतों, मग पुढचें.

गेल्या वर्षीं आमच्या हृदयाच्या धमनींत स्टेंट बसविण्यांत आला. त्यानंतर चार महिने घरच्या मंडळींनीं आम्हांस कांचेच्या भांड्याप्रमाणें वागविलें. बादली कोणी उचलूं देईना. जिना चढूं लागलों कीं मागें एकजण उभा. वादाचा विषय निघाला कीं सूनबाई तो हळूच पालटीत. त्या रिकामपणांत नातवानें आपल्या संगणकावर 'हायपर लाइट ड्रिफ्टर' नांवाचा खेळ आमच्यापुढें मांडला. "आजोबा, चित्रासारखा सुंदर आहे," असें तो तीनदां म्हणाला.

पाहतों तों सारें चौकोनी ठिपक्यांचें! नायकाचे नाक-डोळेही धड दिसेनात. आजचीं यंत्रें केसाची एकेक बट हालतांना दाखवितात, तेथें हें हौसेनें पत्करलेलें दारिद्र्य कशासाठीं? बरें, गोष्ट तरी कळावी, तर कोणी बोलतच नाहीं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. पैकीं वाचिक या खेळांत जवळजवळ वर्ज्य. जन्मभर शब्दांवर पोट भरलेल्या संस्कृत शिक्षकास यांत रस कोठून वाटावा? शिवाय पहिल्या अर्ध्या तासांत आम्ही एकवीस वेळां मेलों. ही मोजदाद नातवानें ठेविली होती. आम्हीं चष्मा काढला आणि "हा तुझा खेळ तुलाच लखलाभ," म्हणून उठलों.

तथापि दुसऱ्या दिवशीं दुपारीं घरांत सामसूम असतां पुन्हां बसलों. कारण विचाराल तर हट्ट, दुसरें कांहीं नाहीं.

आम्हांस या खेळाचा पहिला जिव्हाळा लागला तो गोष्टीमुळें नव्हे, त्याच्या व्यवहारामुळें. नायकापाशीं एक तलवार व एक पिस्तूल आहे. पिस्तुलांतली शक्ति थोड्याच बारांत संपते, आणि ती पुन्हां भरावयाची तर तलवारीचे घाव घालावे लागतात. म्हणजे शत्रूच्या अंगाशीं जावें लागतें. दूर सुरक्षित उभें राहून सारें युद्ध उरकूं म्हणणारास येथें थारा नाहीं. एक बटण दाबलें कीं नायक विजेसारखा सरकतो; पण सरकतांना अंदाज चुकला कीं कड्यावरून खालीं, आणि प्राणाचें एक घर वजा. प्राण मोठा कृपणपणें दिलेला, पांच घरांचा. जखमेवर औषध घेतांना त्यास क्षणभर थांबावें लागतें, आणि त्या क्षणीं कोणी घाव घातला तर तो बसतो.

हें सारें क्रूर वाटेल, पण अन्यायाचें नाहीं. शत्रु घाव घालण्यापूर्वीं अंग आंखडतो, शस्त्र उगारतो. ती खूण वाचतां आली पाहिजे. मेलांत कीं खेळ रागें भरत नाहीं, उपदेश करीत नाहीं. जवळच्याच ठिकाणीं तुम्हांस पुन्हां उभें करतो. आम्ही वर्गांत चुकलेल्या मुलास कारण समजावून सांगत असूं. हा गुरु तोंड न उघडतां तोच प्रश्न पुन्हां घालतो. आमच्या मतें सगळ्या मुलांना ही पद्धति मानवणार नाहीं. आम्हांस त्या दिवसांत मानवली खरी, कारण घरांत इतर सर्वजण आम्हांस उत्तरें आयतीं आणून देत होते.

ठिपक्यांचें रहस्य उलगडलें तें आमच्या कुटुंबाच्या भरतकामावरून. दोसुतीवर मोर काढतांना ती डोळ्यासाठीं दोन टांके घालते, आणि पाहणारास मोर आपल्याकडे बघतोसा वाटतो. येथेंही तसेंच. गुलाबी व मोरपंखी रंगांच्या त्या पडझडींत दूरवर एखादा प्रचंड, मेलेला राक्षस डोंगराला टेकून पडलेला असतो, तो चौकोनांचाच. पण आपण त्याकडे पाहत थबकतों. आणि लढाईच्या गर्दींत कोण कोठें आहे हें एका दृष्टिक्षेपांत कळतें, तें केसांच्या बटा नसल्यामुळेंच. डिझास्टरपीस या नांवानें रचना करणाऱ्या संगीतकाराचें संगीतही असेंच मोजकें, बव्हंशीं दबकें आहे. रात्रीं आवाज बारीक केला तरी पुरतें.

गांवांतील रहिवासी बोलत नाहींत. आपल्यावर काय गुदरलें हें ते चित्रें दाखवून सांगतात. एकजण आपल्या लोकांची कत्तल अशी कांहीं चित्रांत दाखवितो व गप्प होतो. पुढें त्या भागांत गेल्यावर अवशेष दिसतात. तेथेंही कोणी कांहीं म्हणत नाहीं.

नकाशाविषयींची आमची तक्रार मात्र कायम आहे. वरचा मजला कोणता, खालचा कोणता, हें त्यावरून उमगत नाहीं, व या बाबतींत मौनाचें कौतुक करण्यास आम्ही तयार नाहीं.

हा नायक आजारी आहे. चालतां चालतां मध्येंच थांबतो, वांकतो, आणि रक्त ओकतो. तें प्रथम पाहिलें तेव्हां आमचा हात बटणांवरून आपोआप निघाला. त्याच्या दुखण्यामुळें शत्रु कांहीं कमी होत नाहींत. त्यास कोणी जपत नाहीं, कोणी विषयही पालटीत नाहीं. मागाहून नातवानें सांगितलें कीं, खेळाचा कर्ता अॅलेक्स प्रेस्टन हा अमेरिकन चित्रकार जन्मतःच हृदयविकार घेऊन आलेला आहे, आणि त्यानें स्थापिलेल्या संस्थेचें नांवच 'हार्ट मशीन', म्हणजे हृदययंत्र. 2013 सालीं त्यानें किकस्टार्टरवर लोकांपाशीं 27,000 डॉलर मागितले. लोकांनीं 6,45,000 हून अधिक दिले. खेळ 2016 च्या मार्चअखेर प्रसिद्ध झाला.

त्या रात्रीं शस्त्रक्रियेच्या मेजावर निजलों असतां आमच्या मनांत काय आलें होतें, तें आम्हीं कुटुंबास प्रथमच सांगितलें. तिनें भरतकाम बाजूस ठेवलें. नातू दाराशीं उभा होता. त्यास आम्हीं जा म्हटलें नाहीं.

आतां उत्तर, पूर्व व पश्चिम या तीन दिशा आमच्या हातून पुऱ्या झाल्या आहेत. चौथी दक्षिण; ती पहिल्या तीन झाल्याशिवाय उघडत नाहीं. दक्षिण दिशेचा स्वामी कोण, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. खेळाच्या कर्त्यास तें ठाऊक असण्याचें कारण नाहीं, पण एक काळा कोल्हा नायकापुढें सारखा वाट दाखवीत असतो खरा. नायक शेवटीं बरा होतो कीं नाहीं, हें नातवास माहीत आहे. तो सांगावयास उतावीळ झाला होता; आम्हीं त्यास सांगूं दिलें नाहीं. बेत उद्यां दुपारचा आहे, आणि सूनबाईंनीं चहा तेथेंच आणून देण्याचें कबूल केलें आहे.