राक्षस काढून बघ

माझं पोट संकलनावर चालतं. शॉट कुठं तोडायचा आणि कुठं श्वासभर जास्त ठेवायचा, हे शास्त्र मी पुण्यात शिकलो. पण त्याची गोडी मला इचलकरंजीत अण्णांनी लावली. अण्णा सिनेमावाले नव्हते. आमच्या गल्लीच्या तोंडाला त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती, एवढाच त्यांचा सिनेमाशी संबंध. आता ते नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला भीतीच्या सिनेमांबद्दलच लिहावं लागेल, कारण आमचं बोलणं बहुतेक त्याच विषयावर व्हायचं.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. गावात चोवीस तास मागांची खडखड. पाळी सुटली की पाचसहा कामगार वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं नेत आणि पहाटेपर्यंत तीन पिक्चर बघत. त्या तिनांत एक भुताचा किंवा राक्षसाचा असायचाच. शाळा सुटल्यावर मी दुकानात जाऊन कॅसेटी मागे गुंडाळून ठेवायचो, स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसायचो. त्याच्या बदल्यात मागच्या खोलीत बसून हवं ते बघायची मुभा होती.

कॅसेट परत आली की अण्णा ती पळवून तपासत. लोक एखादा प्रसंग पुन्हापुन्हा मागे घेतात, चित्र थांबवून ठेवतात. तिथं टेप झिजते आणि पडद्यावर पांढरे फटकारे उमटतात. अण्णांना ते फटकारे वाचता यायचे. नाचगाण्याचा पिक्चर कुठं झिजणार, मारामारीचा कुठं, हे त्यांना पाठ होतं. राक्षसाच्या पिक्चरांत मात्र त्यांना दोन जाती सापडल्या होत्या. काही कॅसेटी राक्षस दिसतो तिथं झिजत. त्या एकदा नेलेलं गिऱ्हाईक पुन्हा नेत नसे. काही कॅसेटी राक्षस यायच्या आधीच्या मिनिटाला झिजत, आणि त्या कधी फळीवर दिसत नसत. एकानं आणून दिली की दुसरा दारातच घेऊन जाई.

"थांबवून बघत्यात ते मुखवटा कुठं जोडलाय ते हुडकायला," अण्णा म्हणायचे. "जोड घावला की भ्या गेलं."

पहिल्यांदा 'जॉज' बघितला तो त्या मागच्या खोलीत. गल्लीतली आठदहा पोरं शहाबादी फरशीवर आणि एका बाकावर दाटीवाटीनं बसली होती. बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. शार्कच्या अंगात भाल्यानं पिंपं अडकवलेली आहेत, पाण्यावर फक्त ती पिवळी पिंपं पळताना दिसताहेत, मासा कुठंच नाही, आणि त्यातलं एक पिंप पाण्याखाली जातं. नेमकी तेव्हा लाइट गेली. इचलकरंजीत लाइट जाते तेव्हा गावातले सगळे माग एकदम थांबतात. जन्मल्यापासून कानात बसलेला तो आवाज बंद पडला की आम्हा पोरांच्या पोटात गोळाच यायचा. त्या काळोखात, त्या शांततेत अण्णांचा आवाज आला, "आता कुठं असंल रं त्यो?"

कुणी उत्तर दिलं नाही. बाकावरच्या सगळ्या पोरांनी पाय वर घेतले. मीही घेतले.

अर्ध्या तासानं लाइट आली, पिक्चर पुढं सरकला, शार्क बोटीवर चढला, माणूस गिळला. तेव्हा आम्ही पाय खाली सोडून, टाळ्या पिटत बघितलं.

पुढं शिकायला गेल्यावर कळलं की शार्क न दाखवणं ही दिग्दर्शक स्पिलबर्गची सुरुवातीची योजना नव्हती. तीन यांत्रिक शार्क बनवले होते. त्याच्या वकिलाच्या नावावरून त्यांना ब्रूस म्हणत. खाऱ्या पाण्यात त्यांची यंत्रं सारखी बंद पडायची. 55 दिवसांचं चित्रीकरण 159 दिवसांवर गेलं. मासा चालेना म्हणून त्याच्या जागी पिंपं आली, मोडलेला धक्का पाण्यात उलटा वळून माणसाच्या मागे लागला, जॉन विल्यम्सचे ते दोन सूर आले. तासाभराहून जास्त वेळ मासा धड दिसतच नाही. संकलक व्हेर्ना फील्ड्स आणि स्पिलबर्ग यांची एकेका फ्रेमवरून घासाघीस चाले, कारण शॉट दोन फ्रेम लांबला की मासा रबराचा आहे हे दिसायचं. फील्ड्सबाईंना त्या कामाचं ऑस्कर मिळालं. हे ऐकलं तेव्हा मला अण्णांची झिजलेली टेप आठवली. जोड दिसायच्या आत कापायचं, एवढंच त्या बाईंनी केलं होतं आणि ते सगळ्यांत अवघड काम होतं.

पण राक्षस लपवला की काम झालं, असं अण्णा मानत नसत, आणि माझ्यावरचं त्यांचं खरं ऋण इथून सुरू होतं. दुकानात 'पुराना मंदिर'ला फार मागणी. 1984 चा रामसे बंधूंचा पिक्चर. त्यातला राक्षस सामरी साकारणाऱ्या अनिरुद्ध अग्रवालचा चेहरा आणि उंची अशी की त्याला उभं केलं तरी धडकी भरावी. शिवाय त्याचं मुंडकं पेटाऱ्यात एका ठिकाणी बंद आणि धड दुसरीकडं, ही कल्पना मला आजही जबरदस्त वाटते. पेटारा दिसला की अंगावर काटा येतो. मी अण्णांना म्हटलं, हा सगळ्यात भारी. अण्णांनी कॅसेट काढून घेतली आणि म्हणाले, "राक्षस काढून बघ."

"म्हणजे?"

"म्हणजे सामरी न्हाईच असं धर. मागं काय ऱ्हातंय ते सांग."

मी आठवू लागलो. शहरातली प्रेमात पडलेली पोरं, गाणी, मधेच जगदीपची 'शोले'वरची लांबलचक नक्कल. तो पेटारा सोडला तर मला काहीच सांगता येईना. मग त्यांनी 'जॉज'बद्दल तोच प्रश्न विचारला, आणि मी बोलतच सुटलो. पाण्याला भिणारा पोलीसप्रमुख बेटावर नोकरी करतोय. चार जुलैची सुट्टी जवळ आलीय, धंदा बुडेल म्हणून महापौर किनारा बंद करू देत नाही. ज्या बाईचा मुलगा गेला ती भर धक्क्यावर येऊन पोलीसप्रमुखाच्या तोंडात मारते. त्याच रात्री तो जेवणाच्या टेबलाशी खचून बसलाय आणि त्याचा लहानगा समोर बसून बापाच्या हालचालींची नक्कल करतोय. बाप हात जोडतो, पोरगं हात जोडतं. त्या प्रसंगात शार्कचं नावही नाही, आणि त्या पोरामुळेच पुढं पाण्याकडं बघवत नाही.

ही कसोटी मी आयुष्यभर वापरत आलो. 'एलियन'ची आमच्याकडची प्रत म्हणजे प्रतीच्या प्रतीची प्रत. अंधारात काहीच धड दिसायचं नाही. पुढं स्वच्छ प्रत पाहिली तेव्हा लक्षात आलं की रिडली स्कॉटनं तसाही फार थोडा वेळ तो प्राणी दाखवला आहे, आणि तोही तुकड्यांत: शेपूट, जबडा, साखळ्यांमधून ओघळणारं पाणी. त्याची रचना करणाऱ्या गीगरनं त्याला डोळे दिलेले नाहीत, त्यामुळे तो कुणाकडं बघतोय हे कळत नाही. आत होता बोलाजी बडेजो हा जवळजवळ सात फूट उंच, काटकुळा नायजेरियन तरुण. हे सगळं झकासच. पण प्राणी काढला तरी त्या यानात पगाराच्या वाट्यावरून कुरकुरणारे दोन कामगार उरतात, आणि तुमच्या जिवापेक्षा माल महत्त्वाचा असं ठरवून बसलेली कंपनी उरते. मागावर बसणाऱ्यांच्या गावात हा पिक्चर कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

'द थिंग'नं तर लपवण्याचा नियमच मोडीत काढला. जॉन कार्पेंटरच्या या 1982 च्या चित्रपटात माणसांचं सोंग घेणारा राक्षस लख्ख उजेडात दिसतो. छातीचा जबडा होतो आणि डॉक्टरचे हात चावून तोडतो, मुंडक्याला कोळ्यासारखे पाय फुटतात. हे सगळं बनवणारा रॉब बॉटीन तेव्हा पंचविशीच्याही आत होता. 'ई.टी.' येऊन दोनच आठवडे झाले होते, गोड परग्रहवासी लोकांना हवा होता, त्यामुळे हा पिक्चर पडला. अण्णांच्या दुकानात मात्र त्याची टेप एका जागी पार गेलेली होती, आणि ती जागा यातल्या कुठल्याच अचाट दृश्याची नव्हती. माणसं बांधून ठेवलेली आहेत, प्रत्येकाचं रक्त वेगळ्या बशीत आहे, आणि नायक मॅक्रेडी तापवलेली तार एकेका बशीत बुडवतोय. चर्र असा आवाज. पुढची बशी. पुन्हा चर्र. आपला कोण, परका कोण, हे त्या तारेवर ठरतंय. त्या प्रसंगात दिसायला आहे काय? तार, बशी आणि घामेजलेले चेहरे. अण्णा तिथं टीव्हीकडं पाठ करून उभे राहायचे आणि आम्हा पोरांची तोंडं बघायचे. संकलनाच्या टेबलावर मी आजही भीतीचा प्रसंग जोडतो तेव्हा आधी बघणाऱ्याचा चेहरा निवडतो, मग बाकीचं.

म्हणून 2011 साली याच कथेचा पूर्वभाग आला तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. कारागिरांनी प्रत्यक्ष बनवलेल्या प्राण्यांवर संगणकाची चित्रं चढवली, असं त्याबद्दल सगळे हळहळतात. ते खरंच आहे. माझी तक्रार आणखी आतली आहे: त्यातली माणसं एकमेकांवर संशय घ्यायच्या आधीच राक्षस येऊन मोकळा होतो. संगणकाला दोष देऊन भागत नाही. 2023 चा 'गॉडझिला मायनस वन' संगणकावरच उभा आहे, त्याला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं, आणि मी खुर्चीचा हात धरून बघितला. त्यातला गॉडझिला काढला तर युद्धातून जिवंत परतल्याची शरम बाळगणारा एक वैमानिक उरतो. त्याच्यावर एक वेगळा चित्रपट निघेल.

मूळ 'गोजिरा' मी पुण्यात पाहिला, आणि अण्णांना दाखवता आला नाही याची चुटपुट लागली. 1954 च्या मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या अणुचाचणीची राख जपानच्या एका मासेमारी बोटीवर पडली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिग्दर्शक होंडांचा हा चित्रपट आला. पहिलाच प्रसंग बोट जळण्याचा आहे; जपानी प्रेक्षकाला वेगळं सांगायची गरज नव्हती. राक्षसाची कातडी अणुबॉम्बनं भाजलेल्यांच्या व्रणांसारखी. त्याची डरकाळी इफुकुबे या संगीतकारानं चामड्याचा हातमोजा डबल बासच्या सैल तारांवर घासून काढली. आत हारुओ नाकाजिमा नावाचा माणूस अवजड रबरी पोशाख घालून चालतो आहे हे नीट बघितलं तर कळतं, म्हणजे जोड दिसतो. तरी भीती जात नाही. जळत्या टोकियोत एक आई पोरांना कवटाळून बसली आहे, आता आपण बाबांकडं जायचं असं त्यांना सांगते आहे. नऊ वर्षांपूर्वी त्या शहरात हेच घडलं होतं. 1998 च्या हॉलिवूडच्या गॉडझिलाला चपळ शरीर होतं, पाऊस होता, अख्खं न्यूयॉर्क होतं, पण अशी एक बाई नव्हती.

एका चित्रपटाबद्दल अण्णांशी फोनवर बराच वेळ बोललो होतो. ज्याक तूर्नर यांचा 1957 चा 'नाइट ऑफ द डीमन'. त्यात शाप लिहिलेला एक कागदाचा कपटा आहे. तो हातातून निसटतो आणि वारा नसताना शेगडीतल्या आगीकडं झेपावतो, जाळीला चिकटून फडफडत राहतो. अंगावर येतं ते दृश्य. निर्मात्यानं मात्र सुरुवातीलाच राक्षस ढळढळीत दाखवायला लावला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागुद पुरा दिसतो न्हवं? मग झालं की."

केबल आली तशी लायब्ररी बंद पडली. त्याच गाळ्यात अण्णांनी एसटीडी बूथ टाकला, मग तोही गेला. माझ्या पहिल्या कामाचा पगार झाला तेव्हा मी त्यांना काही द्यायला गेलो. त्यांनी घेतलं नाही. बदल्यात पिक्चर दाखव म्हणाले.

2018 च्या ऑक्टोबरात ते घडून आलं. कोल्हापुरात 'तुंबाड' लागला होता. राही अनिल बर्वे यांचा हिंदी चित्रपट, पण वाडा सासवडचा, पाऊस आपला, लोभ आपला, आणि बीज नारायण धारपांच्या कथांतलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अण्णांना उजेडाचा त्रास व्हायचा, त्यामुळे हा काळोखा, ओला चित्रपट त्यांना मानवला. मध्यंतरात ते चहासुद्धा प्यायले नाहीत. "उपाशी हाय त्यो," एवढंच म्हणाले. त्यातल्या राक्षसाला, हस्तरला, सोनं मिळालं, अन्न मिळालं नाही. म्हणून पिठाची बाहुली टाकली की तो धावत येतो. इतक्या राक्षसांची उस्तवार केलेल्या त्या माणसाला हस्तरची भूक लगेच कळली.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो आणि शेवटावरून आमचं वाजलं. बापलेक एकाऐवजी भरपूर बाहुल्या घेऊन विहिरीच्या पोटात उतरतात आणि हस्तरही तितकेच उभे राहतात. माझं म्हणणं, एकटा होता तोवर जास्त भीती होती; एवढे आल्यावर ती पातळ झाली. अण्णा मान हलवत राहिले.

"एका बाहुलीला एक आला. मग धा न्हेल्या तर धाच येणार. हिशेब त्यांनीच मांडलाय, राक्षसानं न्हाई."

"पण अण्णा, बघताना..."

"बरं, तू कापतोस न्हवं? कुठनं कापशील सांग. एक हस्तर ठेव, बाकीचं काढ. मग बाप बाहुल्या अंगाला बांधून दोराला लटकतोय त्येचं काय करशील?"

मी मनातल्या मनात तो प्रसंग टेबलावर घेतला आणि शॉट मागेपुढे करून बघू लागलो. हातकणंगले गेलं तरी मला कापायला जागा सापडली नव्हती.