टिंब नको, साधा ‘य’ पुरे

आमच्या असोदा गावच्या बोलीत केळीची केयी होते, डोळ्याचा डोया आणि शाळेची शाया. ही लेवा गणबोली कागदावर उतरवायची तर प्रत्येक उच्चाराला स्वतंत्र खूण हवी, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. ‘ळ’च्या जागी येणाऱ्या ‘य’खाली टिंब द्यावं, ‘चाक’मधल्या ‘च’खालीही द्यावं. नाहीतर ‘काया’ म्हणजे काळा की शरीर, हे परमुलखातल्या वाचकाला कसं उमजणार? आज माझं हे मत राहिलेलं नाही.

ते पालटलं बहिणाबाई चौधरींच्या छापील गाण्यांमुळे. बहिणाबाई १८८० साली याच गावी जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कामाच्या ओघात सुचलेली त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ यांनी टिपून ठेवली, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. त्या पुस्तकासाठी कुणी नवं अक्षर घडवलं नाही. ‘ओढाळ’ला बाई ‘वढाय’ म्हणत, तर छापलंही ‘वढाय’च. कोकणातल्या, विदर्भातल्या वाचकाने तो शब्द सहज आपलासा केला. टिंब असतं तर तो आधी टिंबापाशी थबकला असता, असं मला आता वाटतं.

प्रत्येक उच्चाराला स्वतंत्र खूण देण्याचा हट्ट कसा अडचणीत आणतो, याचं एक उदाहरणही आहे. झामेनहॉफ यांनी १८८७ साली एस्पेरांतो ही नवी भाषा जगापुढे मांडली, तेव्हा एका ध्वनीला एकच अक्षर हा नियम कसोशीने पाळला. त्यासाठी सहा अक्षरांवर खुणा चढवल्या. पण तसे खिळे सगळ्याच छापखान्यांत नव्हते. शेवटी, खूण छापता येत नसेल तिथे साध्या अक्षरापुढे ‘एच’ जोडा, अशी सवलत त्यांनाच द्यावी लागली. कोऱ्या पाटीवर रचलेल्या भाषेची ही गत, तर आमची बोली पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेली. शिवाय प्रमाण मराठीत तरी ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले दोन ‘च’ कुठे वेगळे लिहितात? वाचताना कुणी अडत नाही. ‘काया बैल’ म्हटल्यावर शरीर कुणाच्या मनात येईल?

याहून मोठं कारण आमच्या गावांमध्येच आहे. यावल, रावेर, भुसावळ, पार मलकापुरापर्यंत ही बोली पसरलेली. हेल बदलतात, स्वर कमी-जास्त लांबतात. बारीक खुणांनी लिहिलं तर एकाच गावचं तोंड प्रमाण ठरतं आणि बाकीची अशुद्ध. प्रमाण मराठीने आमच्या बोलीला जे केलं, तेच आम्ही शेजारच्या गावाला करायचं, हे मला मान्य नाही.

म्हणून बोलीत लिहिणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे: शाळेत शिकलेल्या अक्षरांतच लिहा. घरात ‘केयी’ म्हणत असाल तर बेधडक ‘केयी’ लिहा, आणि शेजारच्या गावचा कुणी ‘केळी’ लिहीत असेल तर त्याचा ‘ळ’ खोडू नका.