साडेतीन कोयना

मला आयुष्यातलं पहिलं (आणि आजपर्यंतचं शेवटचं) प्रथम पारितोषिक मिळालं ते एफ.ई.ला, एका खोट्या गोष्टीसाठी. सर्टिफिकेट घरी हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलंय. पाहुणे आले की बाबा आवर्जून दाखवतात. मी तेवढ्यात पाणी आणायला आत जातो.

विषय होता अटलांटिस. साडेअकरा हजार वर्षांपूर्वीची प्रगत संस्कृती, भूकंप, महापूर, आणि एका दिवसरात्रीत सगळं समुद्राच्या तळाशी! बावीस स्लाइड्स, निळं बॅकग्राउंड, प्रत्येक ओळ उडत उडत येणारी. ‘शास्त्रज्ञांच्या मते’ हे शब्द मी चार वेळा वापरले होते. कोणते शास्त्रज्ञ, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझं काय झालं असतं, देव जाणे.

विचारलं ते दोन वर्षांनी. एक ज्युनियर रूमवर आला, म्हणाला, “दादा, तुमची पीपीटी द्या ना. आणि शेवटच्या स्लाइडवर संदर्भ काय टाकू?”

मग लाजेखातर प्लेटो वाचला. अर्थात भाषांतर. इ.स.पू. ३६०च्या सुमाराचे ‘टिमायस’ आणि ‘क्रिटियस’ हे दोन संवाद. या बुडालेल्या बेटाचा त्याआधी कुठेही उल्लेख सापडत नाही. म्हणजे सगळ्या गोष्टीचा उगम हा एकच माणूस, आणि त्याच्याकडेही ती ऐकीव म्हणून आलेली: इजिप्तच्या पुजाऱ्याने सोलोनला सांगितली, सोलोनकडून पुढे घराण्यात उतरली. आपल्याकडे ‘माझ्या मामाच्या मित्राने पाहिलंय’ म्हणतात, तसंच.

पण प्लेटो आकडे देतो, आणि आकडे दिसले की इंजिनिअरचा हात कॅल्क्युलेटरकडे जातोच. बेटावरच्या मैदानाभोवती एक कालवा होता. लांबी १०,००० स्टेडिया, रुंदी एक स्टेडियन, खोली शंभर फूट. एक स्टेडियन साधारण १८५ मीटर धरला तर लांबी १,८५० किलोमीटर. गुणाकार केला. उत्तर सुमारे १,००० कोटी घनमीटर आलं. चुकलं म्हणून पुन्हा केला. तेच! कोयना धरण काठोकाठ भरलं की १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास ३०० कोटी घनमीटर. साडेतीन कोयना मावतील एवढा खड्डा, आणि तोही फावड्याने. गंमत म्हणजे प्लेटोचा क्रिटियस स्वतःच म्हणतो की माणसाच्या हातून एवढं काम झालं यावर विश्वास बसत नाही, पण ऐकलं ते सांगितलंच पाहिजे. लिहिणाऱ्यानेच शंका घेतली होती; मी ‘शास्त्रज्ञांच्या मते’ लिहून ती पुसून टाकली.

बुडण्याचं तर विचारूच नका. खंडाचं कवच खालच्या प्रावरणापेक्षा हलकं असतं, पाण्यावर लाकडाचा ओंडका तरंगावा तसं. खंडाएवढी जमीन एका रात्रीत तळाला जाऊ शकत नाही. शहर मात्र जाऊ शकतं. इ.स.पू. ३७३ मध्ये ग्रीसमधलं हेलिके हे गाव भूकंप आणि लाटेने एका रात्रीत गेलं. तेव्हा प्लेटो पन्नाशीच्या पुढे होता. कल्पना कुठून आली असेल याचा अंदाज करायला हरकत नाही.

त्या रात्री मी अडकलो ते मात्र वेगळ्याच जागी. प्रलयात फक्त अटलांटिस जात नाही, ज्यांनी त्याला हरवलं त्या जुन्या अथेन्सचं सैन्यही जमिनीत गडप होतं. हे माझ्या बावीस स्लाइड्समध्ये कुठेच नव्हतं. अशा प्रलयांतून उरतात ते डोंगरावरचे मेंढपाळ, लिहिता-वाचता न येणारे. त्यांच्या कानावर जुन्या राजांची नुसती नावं असतात, तीच ते आपल्या पोरांना ठेवतात. त्या राजांनी काय केलं ते कुणालाच माहीत नसतं, आणि पोटापाण्याच्या विवंचनेत पिढ्यान्‌पिढ्या विचारायला सवडही नसते. हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. मीही अटलांटिस हे नाव असंच उचललं होतं, आणि मला तर सवड होती.

ज्युनियरला पीपीटी दिली. बावीसपैकी सहा स्लाइड्स उरल्या होत्या. त्याचा चेहरा पडला, पण घेऊन गेला बिचारा.

मग घरी फोन केला आणि बाबांना सगळं सांगून टाकलं. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं, आता सर्टिफिकेट उतरणार.

“कालवा किती म्हणालास?”

पुन्हा आकडे सांगितले. पेनाची टिकटिक ऐकू आली. दोन मिनिटांनी म्हणाले, “साडेतीन कोयना बरोबर आहे. पण मला सांग, एवढी माती खणली, ती टाकली कुठे?”

हे प्लेटोने कुठेच लिहिलेलं नाही.