शहाड ते पुणे : एका वासाचा प्रवास

दिवाळी अंकातले प्रवासवर्णन म्हटले की काश्मीर, केरळ, निदान महाबळेश्वर तरी हवे, असा संकेत आहे. मी मात्र वाचकांना उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकमधून पुण्याला नेणार आहे, आणि तेही बिअर पाहायला. घाबरू नका; लेख घरात मोठ्याने वाचला तरी चालेल.

आमचे घर कॅम्प एकच्या कडेला, शहाड स्टेशनच्या बाजूला. 'कॅम्प' ऐकून नवखा माणूस तंबू शोधू लागतो. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणजवळ छावण्या बांधल्या, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते 'उल्हासनगर' हे नामकरण झाले. कॅम्पांचे नंबर मात्र गेले नाहीत. पत्ता सांगताना अजून 'एक की चार?' हाच पहिला प्रश्न. घरदार गमावून आलेल्या या मंडळींनी पापडापासून पॅंटीपर्यंत सगळे बनवले, आणि 'मेड इन यू. एस. ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोदही त्यांच्याच नावावर जमा झाला.

एक वस्तू मात्र आमच्या भागात उजेडात कधी बनली नाही. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि आमच्या लहानपणी नदीकाठची झुडपे रात्री जागी असत. गूळ, नवसागर, सडकी फळे, पत्र्याचे डबे. माल मोटारीच्या रबरी ट्यूबमधून जाई. शेजारचे सिंधी दादा गंमतीने म्हणत, "कराचीत मरीची बिअर मिळायची, इकडे स्वराज्यात आलो तर परवाना मागतात!" ती मरी ब्रुअरी १८६० सालची, पाकिस्तानात अजून चालू आहे. आणि आमचा १९४९ चा कायदाही रद्द झालेला नाही बरे का! आजचे सगळे परवाने त्याच्याच पोटातून निघतात.

आमचे काका स्वभावाने गरीब. १९६३ च्या होळीला मित्रांनी कुठलीशी बाटली आणली. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "आज एवढं धुकं कसलं पडलंय?" मार्चमध्ये शहाडला धुके कुठले? त्यानंतर ते सतरा वर्षे जगले, पण काकूचा चेहरा त्यांना पुन्हा दिसला नाही. अशा दारूत पॉलिशचे स्पिरिट मिसळत. त्यातल्या मिथाइल अल्कोहोलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते आणि ते दृष्टीची नस जाळते, हे मला पुढे कॉलेजात कळले. काकू तेव्हा वीस वर्षांची होती. तिच्यासमोर आमच्या घरात 'दारू' हा शब्द कोणी उच्चारत नाही.

अशा घरातल्या आमच्या चिरंजीवांनी, रसायनशास्त्राची पदवी घेऊन, गेल्या वर्षी जेवताना जाहीर केले, "मला पुण्याच्या एका छोट्या ब्रुअरीत नोकरी लागली आहे." पत्नीच्या हातातली पळी आमटीतच राहिली. काकू ताटावरून उठली.

"एकदा येऊन बघा तरी, बाबा," एवढेच तो म्हणाला. म्हणून मी कल्याणला पुण्याची गाडी पकडली.

अंबरनाथ गेले. तिथले १०६० सालचे शिवमंदिर गाडीतून दिसत नाही, पण हात आपोआप जोडले जातात. बदलापूर ते वांगणी हा टप्पा मी नेहमी खिडकीशी बसून काढतो. उल्हास इथे रुळांच्या सोबतीला असते. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस याच टप्प्यात पुराने वेढली होती. राजमाचीच्या दरीतून निघणारी ही नदी आमच्या नळातून घरी येते. चिरंजीवांचे म्हणणे, बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. तेवढ्याने मला धीर आला असे नाही.

महाराष्ट्रात या छोट्या ब्रुअऱ्यांची सुरुवात २००९ मध्ये पुण्यातल्या 'डूलाली'ने केली. पुढे आमच्या शेजारच्या डोंबिवलीतही 'गेटवे' नावाच्या कंपनीने बिअर बनवायला घेतली. मला वाटले होते, दारूसारखीच बिअरही गाळतात. चिरंजीवांनी चूक दुरुस्त केली : "दारू गाळतात बाबा, बिअर आंबवतात." जव भिजवायचे, मोड आले की वाळवायचे आणि भरडायचे. ते साधारण पासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले की पिठाची साखर होते. मग पाणी निथळून घ्यायचे, हॉप्सची कडवट फुले घालून उकळायचे, थंड करून यीस्ट सोडायचे. हॉप्स आपल्याकडे होत नाहीत. लाहौलच्या थंडीत थोडे पिकतात, बाकीचे परदेशातून येतात.

त्याने टाकीचे झाकण उचलले आणि मी, मनाविरुद्ध, वाकलो. ओळखीचा वास! उन्हाळ्यात आई नाचणीची आंबील रात्रभर ठेवी, सकाळी मडक्यावरचे फडके काढताच येणारा तो वास. मी जरा वेळ तसाच उभा राहिलो. चिरंजीवांना वाटले, मला चक्कर आली.

त्या संध्याकाळी गावाबाहेरच्या मैदानावर बिअरचा मेळा होता. म्युनिकचा प्रसिद्ध मेळा १८१० मध्ये एका राजपुत्राच्या लग्नातून निघाला म्हणतात; इथे लग्न नव्हते, पण गर्दी वऱ्हाडाचीच. एकवीस पूर्ण झालेल्यांच्या मनगटाला कागदी पट्टी, हातात वाटीएवढा पेला, कुठे कोकमाची बिअर, कुठे आंब्याची. पोरेसोरे भजी खात होती. देवी तेवढी नव्हती, बाकी जत्राच. मी लिंबाचे सरबत घेतले. परतताना झाडाला टेकून एक तरुण ओकत होता आणि त्याचे मित्र मोबाइलवर त्याची छबी टिपत होते. माझ्या लेकाने मान खाली घातली. तो गप्प राहिला, ते मला आवडले. कारण सांगू लागला असता तर मी रात्रीच्याच गाडीने परतलो असतो.

दोन दिवसांनी आम्ही बरोबरच घरी आलो. त्याने पिशवीतून निथळलेल्या जवांचा ओला चोथा आणला होता. ब्रुअरीतून तो गोठ्यांवर जातो. काकूने मूठभर हातात घेऊन हुंगला.

"हे तर आंबोण," ती म्हणाली. तिच्या माहेरी दोन म्हशी होत्या.

मग बराच वेळ काही बोलली नाही. चोथा तिने ताटात पसरून उन्हात ठेवला. आत येता येता विचारले, "तिथे दिवा असतो का रे?"

"काचेच्या भिंती आहेत, आजी. रस्त्यावरून सगळं दिसतं."

"आणि त्यात बाहेरचं काही घालत नाहीत?"

"मी असताना नाही घालणार."

दुसऱ्या दिवशी भाजणीच्या थालीपिठात तो जव होता. जरा चिवट लागला. कोणी काही बोलले नाही. काकूने नातवाच्या पानात दुसरे थालीपीठ वाढले आणि विचारले, "पाडव्याला सुटी मिळते का तुला?"

"त्या दिवशी गर्दी असते, आजी."

"मग नरकचतुर्दशीला ये. पण पहाटेच्या आंघोळीला हवास."