दुसरा शेर

प्रजासत्ताक दिनाला आमच्या शाळेत इक्बालांचा 'तराना-ए-हिंदी' होतो. १९०४ साली लिहिलेल्या या तराण्यात नऊ शेर आहेत. आपण गातो ते तीन-चारच. गेल्या वर्षी मी हट्ट धरला, की नववीच्या मुलांनी नऊही शेर म्हणायचे आणि तेही दोन सुरांत. उर्दू आणि मराठी, दोन्ही माध्यमांची मुले एकत्र.

पंडित रविशंकरांची चाल सगळ्यांच्या ओठांवर होती. अडचण दुसरीच. मुलींनी वरचा सूर धरला, की मुलगे खालचा सोडून त्यांच्यातच मिसळायचे. "मॅडम, त्यांचं ऐकू आलं की आमचं विसरतं," एक जण कळवळून म्हणाला. मग दोन गट दोन वर्गांत बसवले, नंतर मधले दार उघडले, शेवटी शेजारी उभे केले. त्यात तीन आठवडे गेले.

याच वयात मुलांचा आवाज फुटतो. एकाचा मध्येच चिरकला, सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून तो नुसते ओठ हलवू लागला. मी पाहिले आणि गप्प राहिले. गाणे बिघडू नये, एवढाच माझा स्वार्थ.

दुसरा शेर सहसा वगळला जातो. त्यातल्या 'ग़ुर्बत' शब्दाचा अर्थ मी विचारला. "गरिबी!" वर्ग एका सुरात म्हणाला. मी सांगितले, इथे गरिबी नव्हे, परदेश. माणूस दूर मुलखात, मन मात्र वतनात.

मागच्या रांगेतून तोच मुलगा बोलला, "म्हणजे माझे अब्बा. दम्मामला असतात. दोन वर्षांनी येतात."

कोणी हसले नाही. "माझे मामू कुवेतला," एक मुलगी म्हणाली. मग दोहा आले, मस्कत आले. आमच्या कोकणात असे घर शोधावे लागत नाही.

त्या दिवशी मी त्याची माफी मागितली, पट्टी खाली घेतली आणि त्याला पुढच्या रांगेत आणले. सव्वीस जानेवारीला दुसऱ्या शेरात त्याचा आवाज पुन्हा चिरकला. शेजारच्या दोघांनी सूर धरून ठेवला, तो पुढच्या शब्दावर परत आला. पटांगणाच्या कडेला त्याची अम्मी मोबाइल उंच धरून उभी होती. पडद्यावर अब्बा होते, कामाच्या टोपीसह.

यंदाही नऊच शेर बसवते आहे. सुरुवात दुसऱ्यापासून केली आहे.