नंबर बरोबर आहे का, ते आधी बघा

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर रात्री निवांत वाचा, पण सोबतचा फोटो आत्ताच बघून घ्या.

मागच्या महिन्यात घर आवरताना जुन्या कात्रणांची फाईल हाताला लागली. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच एका साप्ताहिकात लागलो होतो, तेव्हापासूनची. ते साप्ताहिक कधीच बंद पडलं. त्या फाईलमध्ये जून २०११ मधली एक बातमी होती. बातमी कसली, सहा ओळींची चौकट. 'मरोळमधून आठ वर्षांचा मुलगा बेपत्ता.' अंगात निळा शर्ट, पायात चप्पल, डाव्या भुवईवर जुनी खूण. माहिती असल्यास संपर्क साधावा, आणि खाली एक मोबाईल नंबर.

ती चौकट मी लिहिली होती. त्यानंतर त्या मुलावर मी एक ओळही लिहिली नाही.

तेव्हा मरोळ नाक्याला मेट्रोचे खांब उभे राहत होते. रस्ता खणलेला, पहिल्या पावसाचा चिखल, पत्र्यांच्या आडोशातून माणसं वाट काढत चालायची. मुलगा संध्याकाळी दहा रुपये घेऊन पाव आणायला गेला. बेकरी घरापासून तीन मिनिटांवर. बेकरीवाल्याने पाव दिल्याचं त्याला आठवत होतं. म्हणजे मुलगा तिथपर्यंत पोचला, आणि परतीच्या तीन मिनिटांत कुठेतरी गेला. वडील एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मशीनवर होते. ते रात्री पोलीस ठाण्यात गेले, तर 'मिसिंग'ची नोंद झाली आणि उत्तर मिळालं, नातेवाइकांकडे बघा, उद्या या.

कुठलं पोलीस ठाणं ते लिहीत नाही. आज तिथे त्या वेळचं कोणी नाही, आणि तेव्हा बहुतेक ठिकाणी हेच उत्तर मिळायचं. मी तरी काय वेगळं केलं? सहा ओळी लिहिल्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी तुंबल्याच्या बातमीला लागलो.

यावेळी ती चौकट बाजूला ठेवता आली नाही, त्याला कारण आपल्याच अंधेरीतली एक गोष्ट आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. २२ जानेवारी २०१३ ला अंधेरी पश्चिमेतून सात वर्षांची एक मुलगी शाळेच्या वाटेवर नाहीशी झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्यात बेपत्ता मुलींचं काम सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले बघत होते. २००८ ते २०१५ या काळात त्यांच्या हद्दीतून १६६ मुली हरवल्याची नोंद झाली आणि १६५ सापडल्या. ही एकच राहिली. 'इंडियन एक्सप्रेस'ने तिच्यावर लिहिलं तेव्हा तिला 'मुलगी क्रमांक १६६' म्हटलं, आणि लोकांच्या लक्षात तेच राहिलं. भोसले २०१५ ला निवृत्त झाले, पण तिचा फोटो त्यांच्या खिशातच राहिला. पेन्शन सुरू झालेला माणूस लोकांना फोटो दाखवत फिरत होता.

४ ऑगस्ट २०२२ ला ती सापडली. साडेनऊ वर्षांनी. कुठे? घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. मूल नसलेल्या एका जोडप्याने तिला नेलं होतं. गाजावाजा झाल्यावर तिला कर्नाटकात वसतिगृहात ठेवलं. पुढे स्वतःचं मूल झाल्यावर परत आणून त्या मुलाला सांभाळायला लावलं, लोकांच्या घरी कामाला पाठवलं. तोवर तिचे वडील वारले होते.

ती सापडली कशी, ते मी पत्रकार म्हणून पुन्हा पुन्हा वाचलं. तिच्यासोबत घरकाम करणाऱ्या एका बाईला तिने आपली गोष्ट सांगितली. त्या बाईने मोबाईलवर मुलीचं नाव आणि २०१३ टाकून शोधलं, तर तिच्या पोस्टरचा आणि शोधमोहिमेचा माग लागला. मुलीने स्वतःचा लहानपणीचा फोटो बघितला तेव्हा तिला सगळं आठवलं. पोस्टरवर पाच फोन नंबर होते. चार बंद. पाचवा लागला, तो शेजाऱ्याचा होता. त्याच्यामार्फत आईपर्यंत निरोप गेला.

पाचातला एक. तोही त्या माणसाने मधल्या काळात बदलला असता तर?

हे आठवलं आणि फाईल मांडीवर असतानाच मी माझ्या चौकटीतला नंबर लावला. पलीकडे एक तरुण मुलगा. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. घरी पहिल्यापासून हाच नंबर आहे म्हणाला. मला वाटलं, काकांनी नंबर सोडला असेल, कंपनीने दुसऱ्याला दिला असेल. चौदा वर्षं झाली, होतं असं.

पुढच्या रविवारी मी आणि माझा एक जुना सहकारी, तेव्हाचा फोटोग्राफर, मरोळला गेलो. हा आता लग्नांचे फोटो काढतो. मेट्रोतून उतरलो. आता तिथे वर एक मेट्रो आणि जमिनीखाली दुसरी. ज्या खड्ड्यांतून आम्ही तेव्हा गेलो होतो त्यावरून सरकते जिने जातात. बेकरीच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. चाळ मात्र तिथेच आहे. पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू आहेत, काका सही करत नाहीत. शेजारी नाराज आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच, 'पत्ता बदलला तर पोराला सापडणार कसा?'

आम्हाला बघून काका खूश झाले असं नाही. त्यांनी आधी विचारलं, "काय कळलंय का?" आम्ही नाही म्हटलं. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. जुनी केस उघडायची म्हणजे काय, ते तिथे बसल्यावर समजतं. आपण नोटपॅड घेऊन जातो, तासाभराने निघतो. त्यांना रात्र काढायची असते.

काकूंनी चहा ठेवला आणि आतूनच बोलल्या, "ती अंधेरीची मुलगी सापडली ना, तेव्हा ह्यांनी दोन दिवस टीव्ही बंद केला नाही."

केसचं काय झालं ते काकांना नीट माहीत नव्हतं. ठाण्याचा एक कागद होता, त्यावर 'अ समरी' लिहिलेलं. त्यांना वाटत होतं केस खोटी ठरवून बंद केली. तसं नसतं. 'अ समरी' म्हणजे गुन्हा खरा आहे, पण आरोपी सापडला नाही. धागा मिळाला तर तो तपास पुन्हा सुरू होऊ शकतो. एवढी साधी गोष्ट या माणसाला कोणी सांगितली नव्हती. मीही नाही. सांगितल्यावर त्यांनी तो कागद परत घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला, पण यावेळी पिशवी कपाटाच्या वरच्या खणात गेली.

मग मी नंबरचा विषय काढला. म्हटलं, काका, जुना नंबर बंद झाला का?

"बंद कसा होईल?" त्यांनी उशाखालून बटणांचा छोटा फोन काढला. मागचं झाकण रबराने बांधलेलं. "पेपरात छापलाय ना तुम्ही. तो सोडून कसं चालेल? मिनिमम रिचार्ज सक्तीचं झालं तेव्हा पोरगी बोलली, बाबा, कशाला दोन-दोन सिम? म्हटलं, हा चालूच राहणार."

मी कात्रण काढलं आणि त्यांच्या फोनवरच्या नंबरशी ताडून बघितलं.

एक आकडा वेगळा होता. सहाच्या जागी आठ.

नंबर मीच उतरवून घेतला होता, त्यांच्या दारात, पावसात उभा राहून. वहीवर थेंब पडला असेल, माझं अक्षर खराब असेल, काहीही असेल. छापायच्या आधी एकदा लावून बघायला हवा होता. वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. चौदा वर्षं हा माणूस ज्या फोनजवळ झोपला, तो नंबर कुठे छापलाच गेला नव्हता.

घरी जाऊन गप्प बसता आलं असतं. कात्रण माझ्याकडे, साप्ताहिक बंद, कोणाला कळणार होतं? पण ते समोर बसले होते. मी सांगितलं.

काकांनी चष्मा लावून दोन्ही नंबर एक एक आकडा बोट ठेवून वाचले. "म्हणजे पेपर बघून कोणी फोन लावला असेल तर दुसऱ्यालाच लागला असेल?"

"हो काका."

फोटोग्राफर मित्र उठून बाहेर गॅलरीत गेला. काका माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते कात्रण हातात घेऊन बसून राहिले. शेवटी काकू दारात येऊन म्हणाल्या, "आता बरोबर छापा."

आमच्या ऑफिसात अशा बातमीवर पहिला प्रश्न येतो, 'नवीन काय आहे त्यात?' नवीन काही नसतं, म्हणूनच ती बातमी मागे पडते. पण मूल कुठेतरी मोठं होत असतं. आज ना उद्या ते स्वतःचं नाव शोधेल, किंवा त्याच्यासाठी दुसरं कोणी शोधेल, तेव्हा तिथे काहीतरी सापडायला हवं. आणि जे सापडेल ते बरोबर हवं.

म्हणून काही गोष्टी सांगतो, लक्षात ठेवा.

मूल हरवलं तर चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितलंय की, अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. नुसत्या 'मिसिंग' नोंदीवर परत येऊ नका, एफआयआरची प्रत मागा, ती मोफत मिळते. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे द्यायचा असतो, तो दिला का ते विचारा. ११२ आणि १०९८ हे दोन नंबर मुलांनाही पाठ करून ठेवा.

पोस्टरवर एकाचा नंबर टाकू नका. शेजारी, मामा, शिक्षक, दुकानदार, जे राहतं ठिकाण सहसा सोडणार नाहीत अशांचे टाका. आणि छापायच्या आधी प्रत्येक नंबर लावून बघा.

मूल सापडलं तर पोस्टर काढा, ग्रुपवर तसं कळवा. आपल्याकडे सापडलेल्या मुलांचे फोटो वर्षानुवर्षं फिरतात आणि न सापडलेल्यांचे आठवड्यात गायब होतात.

सोबत काका-काकूंच्या परवानगीने तोच जुना फोटो टाकलाय. मुलगा आज २२ वर्षांचा असेल. चेहरा बदलला असेल, नाव बदललं असेल, मराठी बोलत असेल-नसेल. डाव्या भुवईवरची खूण राहिली असेल.

फोटोखालचा नंबर मी यावेळी तीनदा तपासलाय. शेवटच्या वेळी काकांच्या समोर बसून लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला. मी समोर बसलोय हे दिसत असूनही, फोन कानाला लावून ते "हॅलो" म्हणाले.