तिथी नसलेला पाहुणा

अतिथी या शब्दाची फोड आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगितली जाते : ज्याच्या येण्याला तिथी नाही, तो अतिथी. निमंत्रण देऊन बोलावलेला पाहुणा या अर्थाने अतिथी नव्हेच. मात्र रस्त्यावर हात करून, मिळेल त्या वाहनात बसून, रात्रीचा मुक्काम कोठे पडेल हे स्वतःलाही ठाऊक नसताना हिंडणारा वाटसरू शब्दशः अतिथी असतो. वाचकहो, आपल्या घरातील तरुण मंडळींनी अशा भ्रमंतीचे स्वप्न कधी ना कधी पाहिलेच असेल. मला ती घडली हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यात. आणि तेथील निसर्गाइकाच तेथील देण्याघेण्याचा हिशेबही माझ्या मनात ठसला.

मनालीहून काझाकडे जाताना पूर्वी रोहतांग खिंड ओलांडावी लागे. २०२० साली सुमारे ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहौलपर्यंतची वाट सुकर झाली. पुढे चंद्रा नदीच्या काठाने जाताना मात्र खरी परीक्षा असते. ऊन चढले की वरचे बर्फ वितळते, ओढे फुगतात आणि रस्त्यावरूनच वाहू लागतात. म्हणून जाणते चालक पहाटेच निघतात. हात करणाऱ्यानेही पहाटेच उभे राहावे.

मला जागा मिळाली ती एका मालट्रकमध्ये. ऑगस्ट महिना होता. स्पितीचा मटार खाली नेण्यासाठी तो रिकामी पोती घेऊन वर चालला होता. मी चढण्यापूर्वीच चालकाने भाडे सांगितले. फुकट प्रवासाच्या साहसकथा वाचलेल्यांना हे कदाचित खटकेल. परंतु जेथे बस क्वचित, तेथे ट्रक हेच लोकांचे वाहन असते आणि भाडे देणे हीच तेथील रीत. शेजारी बसलेली, माहेरी निघालेली बाईसुद्धा ते देत होती. मग माझ्यासारख्या हौशी माणसाने का देऊ नये?

साडेचार हजार मीटरांहून उंच असलेल्या कुंझुम खिंडीत देवीचे मंदिर आहे. तेथे पोचल्यावर चालकाने मंदिर उजव्या हाताला ठेवून गाडीनेच प्रदक्षिणा घातली. वाटेवरच्या मंत्र कोरलेल्या शिळांच्या भिंतीही अशाच उजवीकडे ठेवून ओलांडायच्या असतात. प्रदक्षिणा झाल्यावर त्याने डबा सोडला आणि त्यातील निम्म्या रोट्या माझ्यापुढे केल्या. माझा हात खिशाकडे जाताच तो हसून म्हणाला, “भाडे गाडीचे असते, रोटीचे नाही !”

त्या एका वाक्यात साऱ्या मुलखाची नीती सामावलेली होती. स्पिती हा पर्जन्यछायेचा प्रदेश. पाऊस पर्वतापलीकडेच थांबतो. बर्फाचे पाणी पाटांनी आणून बार्ली आणि मटार पिकवायचा, आणि उन्हाळाभर सरपण व गोवऱ्या गच्चीवर रचून हिवाळ्याची बेगमी करायची. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून परंपरेने ती थोरल्या मुलाकडे जाई, तर धाकट्यांपैकी कितीतरी जण बौद्ध मठाची वाट धरीत. इतक्या मोजूनमापून चालणाऱ्या घरात मी रात्री शेगडीजवळ बसलो, तेव्हा आजीबाई माझ्या प्रत्येक घोटानंतर लोणी घातलेला खारट चहा पुन्हा काठोकाठ भरीत होत्या. पाहुण्याचा पेला रिकामा दिसू नये, ही तेथील रीत. पुरेसे झाले की तो भरलेलाच राहू द्यावा आणि निघताना संपवावा, हे मला घरातल्या मुलाने हळूच सांगितले.

त्या चहाखाली जळणारी प्रत्येक गोवरी कोणीतरी पाठीवरून वाहून आणली होती. वर्षातून एखादा वाटसरू येई, तेव्हा हे आतिथ्य घराला पेलत असे. आता रस्ते सुधारत आहेत, माणसे झुंडीने येत आहेत. अशा वेळी स्पितीतील घरे मुक्कामाचे पैसे घेऊ लागली, तर “तेथील भोळेपणा हरपला” असे आपण शहरातल्यांनी म्हणू नये. येणाऱ्या प्रत्येकाला फुकट पोसणारे घर थोड्याच वर्षांत स्वतः उपाशी राहील. मुक्कामाचा दर ठरल्यामुळेच चहाचा पेला आजही बिनहिशेबी राहू शकतो.

म्हणून वाचकहो, आपली मुले अशा प्रवासाला निघालीच, तर त्यांना अवश्य जाऊ द्या; परंतु ‘एक पैसाही खर्च न करता हिंडलो’ ही फुशारकी मिरवू देऊ नका. रस्त्यावर उचललेला हात हा हक्क नव्हे, ती विनंती आहे. भाडे आधी विचारावे, मुक्कामाचे मोल न मागता द्यावे, पाणी व सरपण जपून वापरावे, आणि जे प्रेमाने दिले जाते त्याची किंमत मात्र चुकूनही विचारू नये. कोणत्या वेळी पैसे द्यावेत आणि कोणत्या वेळी केवळ हात जोडावेत, एवढे ज्याला उमगले त्याला कोणत्याही मुलखात परके वाटणार नाही.